मडकं

गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी येवल्याकडचा एक माणूस आमची जुनी पिकअप बघायला आला. साठीच्या आसपासचा, पांढरा लेंगा, पायात टायरच्या चपला. त्यानं टायर बघितले नाहीत, कागद मागितले नाहीत, हौद किती सडलाय तेही वाकून बघितलं नाही. "बॉनेट उघडा," एवढंच म्हणाला. मी उघडलं. त्यानं खिशातून चपटा स्क्रू ड्रायव्हर काढला, इंजिनात हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवर चढलेल्या हवेच्या पाइपची क्लिप सैल केली, पाइप हलकेच बाजूला ओढला आणि आत बोट घालून गोल फिरवलं. बोट बाहेर काढून उन्हात धरलं. अंगठ्यानं चोळलं. मग पाइप होता तसा बसवला, क्लिप आवळली, स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. ओट्यावर बसून चहा घेतला, उन्हाळ कांद्याच्या भावावर दोन वाक्यं बोलला, "कळवतो" म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

पाइप सोडवलेला असताना मीही डोकावलो होतो. त्याच्या बोटावर विटकरी रंगाची मऊ धूळ होती, हळदीकुंकवाच्या करंड्यात बोट बुडवल्यासारखी. पाइपचा हा भाग फिल्टरच्या पुढचा, म्हणजे गाळून झालेली हवा जिथून जाते तो. तिथं धुळीचा कणही असायला नको. तिथली धूळ म्हणजे इंजिनाच्या घशातली धूळ. हे त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं होतं. तरी तो चकार शब्द बोलला नाही. 'काय हो भाऊ, गाडी खलास केली' असं म्हणाला असता तर मी वाद घातला असता, इंजिनाचं काम केव्हा केलं ते सांगितलं असतं, बिलंही दाखवली असती. त्यानं ती सोयच ठेवली नाही. बोट तेवढं लेंग्याला पुसलं.

रात्रभर ते बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं.

गाडी 1994 ची. अण्णांनी ती 1997 साली चांदवडच्या एका व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली. महिंद्राची, पुजो इंजिनाची. इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या पुजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी 4.90. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, एवढा साधा त्या आकड्यांचा अर्थ. आमच्याकडं सगळे 'पुजो'च म्हणतात, आणि लहानपणी माझी खात्री होती की या शब्दाचा संबंध पूजेशी आहे. कारण दर रविवारी अण्णा अंघोळीच्या आधी बॉनेट उघडून तासभर तिथं उभे असायचे आणि त्यांना कुणी हाक मारायची नाही असा नियम होता. देवघरात ते पाच मिनिटंही थांबत नसत, त्यामुळं माझा समज पक्का होत गेला.

त्या तासात ते मडकं धूत. मडकं म्हणजे ऑइलबाथ एअर क्लीनर, इंजिनात जाणारी हवा ऑइलच्या मदतीनं गाळणारा. इंजिनाच्या बाजूला पट्टीनं आवळलेला काळा पत्र्याचा डबा, पोटात फुगलेला, वर झाकण, झाकणावर दोन कानांचा नट. आईनं त्याला मडकं म्हटलं आणि घरात तेच नाव पडलं. अण्णा नट काढून बंडीच्या खिशात टाकत, खालची वाटी सोडवत आणि उजेडात नेत. आत ऑइल असायचं, काकवीसारखं. ते ओतून टाकलं की तळाला गाळ दिसायचा, बोटभर जाड, घट्ट, खरवस कापावा तसा कापता येईल असा. बांबूच्या कामटीनं ते तो खरवडत. त्या गाळात काय काय निघायचं! कांद्याचे पापुद्रे, बाजरीची कुसळं, पतंगांचे पंख, एकदा अख्खी गांधीलमाशी. मी उकिडवा बसून बघत असे. मग वाटी डिझेलनं धुवायची, वरची तारेची जाळी परातीत बुडवून झटकायची आणि वाटीच्या आत उठलेल्या रेघेपर्यंत नवं ऑइल भरायचं. जुनं ऑइल कांदाचाळीच्या खांबांना फासलं जायचं, वाळवी लागू नये म्हणून. आमच्या चाळीचे बांबू आजही काळे आहेत.

मडक्याचं काम कसं चालतं ते मला पुढं पॉलिटेक्निकला असताना कळलं, आणि कळल्यावर थोडा अचंबा वाटला, कारण त्यात कळण्यासारखं फार काही नाही. हवा वरून आत येते, सरळ खाली ऑइलकडं जाते आणि ऑइलच्या तोंडाशी तिला झटकन उलटं वर वळावं लागतं. हवा हलकी, ती वळते. धूळ जड, तिला वळता येत नाही, ती ऑइलमध्ये पडते. उरलीसुरली ओल्या जाळीला चिकटते. गर्दीच्या एसटीत वळणावर उभी माणसं जशी एका बाजूला कलंडतात, तसं. बस.

आणि धूळ कमी नव्हे. खळ्यावरून गाडी निघाली की चैत्र-वैशाखात मागं फुफाटा उठतो, त्यात मागची मोटरसायकल दिसत नाही. ट्रॅक्टरच्या मागं लागलं तर काच असून नसल्यासारखी. डिझेल इंजिनाला हवा मोजूनमापून देणारी झडप नसते. पाय कमी दाबला तरी ते पोटभर हवा घेतंच, कमीजास्त होतं ते डिझेल. मी एकदा हिशोब मांडला होता. 2,112 सीसी, मिनिटाला 2,400 फेरे, दर दुसऱ्या फेऱ्याला एक श्वास. मिनिटाला अडीच हजार लिटर हवा. रंगाचा, ऑइलचा तो 200 लिटरचा मोठा बॅरल असतो ना, तसे बारा बॅरल मिनिटाला. आमच्या गावापासून लासलगावच्या मार्केट यार्डापर्यंत चाळीस मिनिटं लागतात.

रेघेच्या बाबतीत अण्णा कडक होते. का, ते मी एकदाच पाहिलं. मी आठवीत असेन. चुलतभाऊ नवीन नवीन गाडी चालवायला शिकला होता आणि अण्णांना बरं नव्हतं म्हणून त्या रविवारी मडकं त्यानं भरलं. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं, या हिशोबानं काठोकाठ. सोमवारी लिलावाच्या रांगेत गाडी उभी असताना त्यानं जरा रेस केली आणि इंजिननं मडक्यातलं ऑइल ओढून घेतलं. मग जे झालं त्याला गाडी पळणं म्हणतात, पण गाडी जागची हलत नाही, इंजिन पळतं. डिझेल बंद केलं तरी ते थांबेना, कारण ते आता डिझेलवर चाललेलंच नव्हतं, ऑइल जाळत होतं. आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला. निळापांढरा धूर असा की व्यापारी, हमाल, लिलाव पुकारणारा, सगळे दिसेनासे झाले. चुलतभाऊ दार उघडून पळाला. अण्णा अंगात ताप घेऊन शेजारीच बसले होते. ते खाली उतरले, हौदातलं ओलं गोणपाट ओढलं, बॉनेट वर केलं आणि मडक्याच्या तोंडावर ते गोणपाट दोन्ही हातांनी दाबून धरलं. इंजिननं दोन आचके दिले आणि मेलं. यार्डात एकदम शांतता. मग कुणीतरी म्हणालं, "आता याच्या कांद्याला धुराचा वास येणार, पन्नास कमी करा." सगळे हसले. आणि भाव खरोखरच पन्नासनं कमी लागला.

एवढं सगळं बघितलेल्या मुलानं पुढं 2008 साली ते मडकं काढून फेकलं.

फेकलं म्हणजे अगदी फेकलं नाही, पण मनातनं फेकलंच. मला नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती. हातात पहिलाच पगार, डोक्यात मित्रांच्या गाड्या. कुणी मोटरसायकलचा सायलेन्सर बदललेला, कुणी जिप्सीला उंच टायर लावलेले. त्यांच्यात बसून 'आमच्याकडं पिकअप आहे' म्हणणं म्हणजे आमच्याकडं बैलजोडी आहे म्हटल्यासारखं वाटे. मी द्वारका सर्कलजवळच्या दुकानातून लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर आणला, 2,200 रुपयांचा. कापडी घड्यांचा, चकचकीत कडेचा, पेट्रोल गाड्यांना लावतात तसला. भंगारातून अडीच इंची ॲल्युमिनियमचा पाइप शोधला, सातपूरला वेल्डरकडून त्याला दोन वळणं मारून घेतली. जोडाला बसच्या रेडिएटरच्या होजचा तुकडा आणि दोन क्लिपा. शनिवारी रात्री घरी आलो, रविवारी अण्णांच्या आधी उठलो.

तो दिवस मी अजून मिनिटामिनिटानं आठवू शकतो. पंधरा वर्षांचं ऑइल-मातीचं किटण रॉकेलनं सोडवलं, मग कपड्याच्या पावडरीनं, मग मोटरीचा पाइप लावून. किटणाखालून इंजिन निघालं, त्याचा मूळ रंग मी पहिल्यांदा पाहिला. इंजिनावरच्या झाकणाला, टॅपेट कव्हरला, लाल स्प्रे मारला. लोंबणाऱ्या वायरी काळ्या वळीदार नळीत घातल्या. धुराच्या बाजूच्या मॅनिफोल्डची धग फिल्टरला लागू नये म्हणून तेलाचा पंधरा किलोचा डबा कापून मधे पत्र्याची भिंत उभी केली. डब्यावरचं सूर्यफूल आतल्या बाजूला आलं, सिलिंडर हेडकडं तोंड करून. फॅनभोवतीचं कव्हर आड येत होतं, ते काढून टाकलं. संध्याकाळी बॉनेट उघडं ठेवून मी लांब जाऊन उभा राहिलो. घरातली एखादी वस्तू पहिल्यांदाच माझी वाटत होती.

आणि आवाज! मडकं हवेचा आवाज गिळतं हे मला माहीत नव्हतं. ते निघाल्यावर इंजिन श्वास घेताना ऐकू यायला लागलं. रेस केली की छातीतून निघाल्यासारखी घरघर, मोठ्या जनावराची. पुढच्या आठवड्यात वीस क्विंटल कांदा भरून मालेगावच्या वाटेवर राहूडचा घाट चढलो तेव्हा मला शपथेवर वाटलं की गाडीत जोर आलाय. आता कळतं, नव्हता आला. पंपातून डिझेल तेवढंच येत होतं. हवा थोडी जास्त मिळून धूर एक पळी कमी झाला असेल, इतकंच. उलट रेडिएटरच्या मागं, फॅनच्या गरम झोतात तोंड उघडून बसलेला तो शंकू तापलेली हवाच ओढत होता. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की त्याच एका लिटरमध्ये जवळपास नऊ टक्के हवा कमी भरते. माझी सूर्यफुलाची भिंत त्या झोतापुढं काय टिकणार. आणि कव्हर काढल्यामुळं घाटात काटा लालकडं जायला लागला, तो मी 'ऊनच तसंय' म्हणून सोडून दिला. पण कानाला जोर आला होता, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी कानाचं सगळंच खरं वाटतं.

अण्णांनी काय केलं? गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटमध्ये बघितलं. "आवाज वाढला," म्हणाले आणि द्राक्षाला पाणी द्यायला गेले. संध्याकाळी बघितलं तर मडकं जागेवर नव्हतं. त्यांनी ते गोणपाटात गुंडाळून चाळीच्या माळ्यावर ठेवलं होतं.

वर्षातून एकदा ते खाली यायचं, पासिंगच्या वेळी. गाडी मुळात जशी नोंदवलीय तशीच असायला हवी, असं मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं, आणि फिल्टर कुणी बघणार नसला तरी कटकट नको म्हणून आम्ही आदल्या रात्री मडकं चढवत असू. दुसऱ्या दिवशी परत शंकू. पाहुणे येणार म्हणून गादीवर चादर घालावी तसं.

दोन हंगाम गेले. पहिल्यांदा अण्णांच्याच लक्षात आलं की गाडी ऑइल प्यायला लागलीय. मग ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, धूर, मग सकाळी सेल्फ लांबायला लागला, सुरू करण्याआधी इंजिन तापवणारा हीटर एकदा देऊन भागेना, दोनदा, तीनदा. 2011 च्या उन्हाळ्यात मालेगावला एका चाचांकडं इंजिन खोललं. चाचा कमी बोलायचे. हेड काढल्यावर त्यांनी माझा हात धरला, माझंच बोट सिलिंडरच्या लायनरमध्ये, म्हणजे आतल्या नळकांड्यात, घातलं आणि वरच्या कडेपासून खाली ओढलं. नख अडकलं. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत जातात तिथवर लायनर झिजून खड्डा झाला होता आणि वर न झिजलेली कड उभी होती. मी कंपनीत दिवसभर मायक्रोमीटर घेऊन मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. तिथं मायक्रोमीटर लागलाच नाही, नखानं भागलं. चाचांनी व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टची डबी पुढं केली, त्यातली चिमूटभर बोटांत चोळली आणि पाइपकडं बोट दाखवलं. ऑइलचा पातळ थर आणि त्यात दगडाचं पीठ. दोन वर्षं मी लायनरला ती पेस्ट चोळत होतो, मिनिटाला बारा बॅरल.

किट, हेड, मजुरी धरून 60 हजार लागले. त्यातले माझे 25 हजार. बाकीचे कुठून आले हे मी विचारलं नाही, कारण त्या वर्षी चाळ लवकर का रिकामी झाली ते दिसत होतं.

मग मी शहाण्यासारखं वागलो. निदान तसं मला पंधरा वर्षं वाटत होतं. शंकू काढला. एका मोठ्या गाडीचं बंद पेटीतलं कागदी फिल्टर मिळवलं. हे नुसतं प्रायश्चित्त नव्हतं; कागदी फिल्टर ऑइलबाथपेक्षा बारीक धूळ जास्त धरतो, विशेषतः इंजिन मंद चालत असताना, जेव्हा हवेला वेग नसतो आणि मडक्यातली ती वळणाची युक्ती ढिली पडते. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. हवेचं तोंड बॉनेटखालून काढून केबिनच्या मागं उंच नेलं आणि टोकाला चुलत्याच्या जुन्या ट्रॅक्टरचा पारदर्शक कटोरा बसवला, तो गरगर फिरवून जाड धूळ आधीच पाडून ठेवणारा. आठवड्याला त्यात ओंजळभर लाल माती साठलेली दिसायची. ती ओतून टाकताना मला बरं वाटायचं. एवढी माती आत गेली नाही, हे डोळ्यांनी दिसत होतं. फॅनचं कव्हरही परत बसवलं. फक्त पाइप तोच ठेवला, ॲल्युमिनियमचा, दोन वळणांचा. चांगला होता. वेल्डरला पैसे दिले होते. आणि खरं सांगायचं तर त्या रविवारचं एवढं एकच काहीतरी शिल्लक होतं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर मी बॉनेट उघडलं. कटोरा स्वच्छ. कागदी फिल्टर चार महिन्यांपूर्वीचा, बाहेरून मळका, आतून पांढरा. पेटीचं रबर शाबूत. पाइपच्या जोडाचा होज दाबून बघितला, वाकवून बघितला, काही नाही. मग ती धूळ आली कुठून? अण्णा कडुलिंबाचा पाला चघळत माझ्यामागं येऊन उभे होते. आता पंच्याहत्तरीचे आहेत, गाडी चालवत नाहीत, पण बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना शेतातून ऐकू येतो. ते म्हणाले, "चालू कर आणि तोंड दाब."

गोष्ट साधी आहे. इंजिन चालू असताना हवेचं तोंड पूर्ण बंद केलं तर ते गुदमरून बंद पडलंच पाहिजे. नाही पडलं तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतंय. मी कटोरा काढला, पाटावर ट्यूबचा तुकडा घालून तो उंच पाइपच्या तोंडावर दाबून धरला. इंजिनचा आवाज खाली बसला, एक उचकी आली, दुसरी आली. मी वाट बघत होतो. आणि मग ते सावरलं. हळू, अडखळत, पण चालत राहिलं. पाट माझ्या हाताखाली गच्च ओढला गेला होता, तोंडातून श्वासभर हवा जात नव्हती, आणि इंजिन चालू होतं.

"ऐक," अण्णा म्हणाले. कुठून तरी बारीक फुस्स येत होतं, पण पुजोच्या खडखडाटात जागा सापडेना. मग अण्णा घरात गेले आणि देवासमोरची उदबत्ती घेऊन आले. फॅनचा वारा नको म्हणून मी गाडी बंद करून बेल्ट उतरवला. थंड इंजिन दोन मिनिटं तसं चालतं. पुन्हा चालू केलं. आई पाट धरून हौदात चढून उभी राहिली, साडीचा पदर खोचून, पुरणाच्या हातांनीच. अण्णांनी उदबत्ती पाइपच्या कडेनं सावकाश फिरवली. धुराची रेघ सरळ वर जात होती, फिल्टरच्या पेटीपाशी सरळ, पहिल्या वळणाला सरळ. जोडाच्या होजखाली, जिथं हात जात नाही, नजर तर नाहीच नाही, तिथं ती एकाएकी वाकली आणि रबरात शिरली. सुईत दोरा ओवावा तशी.

होज खालून चिरला होता, घडीच्या आत. गाडी उभी, इंजिन बंद, की चीर मिटायची. चालू झालं, इंजिन आपल्या रबरी फाउंडेशनवर डुललं, की ती ओठांसारखी उघडायची. मी आजवर होज तपासला तो नेहमी इंजिन बंद असताना. कटोऱ्यातली माती दर आठवड्याला समाधानानं ओतत होतो आणि खालून, त्याच्याही पुढं, गाडी आपली गुपचूप रस्ता पीत होती. किती वर्षं, सांगता येणार नाही. येवल्याच्या माणसाला ते एका बोटात कळलं.

उदबत्ती विझवून अण्णा तिथंच बंपरवर टेकले. मला राहवेना. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "अण्णा, तेव्हा मी मडकं काढलं, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं व्हतं?"

"काढू नको म्हणायचं. तुम्हाला कळत नव्हतं का, काय होणार ते?"

त्यांनी पाल्याची काडी थुंकली. "कळत व्हतं थोडंफार. पण मलाच कंटाळा आला व्हता रे त्याचा. दर रविवारी हात काळे. साबणानं निघत नाय, जेवताना भाकरीला वास. तू काढलं, म्हटलं सुटलो." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आवाज चांगला व्हता."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. अठरा वर्षं मी मनात एक चित्र जपून ठेवलं होतं. बाप रविवारी सकाळी एकचित्तानं मडकं धुतोय, पोरगं ते काढून भपका बसवतंय, बाप काही न बोलता मडकं गोणपाटात गुंडाळून जपून ठेवतोय. त्या चित्रापुढं मी कितीदा तरी मान खाली घातली होती, एक-दोनदा मित्रांना सांगताना गळाही दाटून आला होता. आणि चित्रातला माणूस म्हणत होता, सुटलो.

"मग गोणपाटात गुंडाळून का ठेवलं?"

"पत्रा चांगला व्हता. भंगारात काय येतंय त्याचं."

आई हौदातून उतरत म्हणाली, "कालव्याच्या वळणाला आवाज आला की मी चुलीवर तवा टाकायचे. मला तरी बरा होता तो."

पाडव्याच्या दिवशी होज कुठं मिळणार. निफाडला दोन दुकानांना फोन केला, दोघांनीही उद्या म्हटलं. पण अण्णांना चैन पडेना. एकदा दोष सापडला की तो दुसऱ्या दिवसावर टाकणं त्यांना जमत नाही, जेवणही जात नाही. शेवटी मीच चाळीच्या माळ्यावर चढलो. गोणपाट उंदरांनी कुरतडलं होतं, मडकं शाबूत होतं. त्याचा मूळ रबरी गुडघाही, म्हणजे वळणाची जोडनळी, आतच कोंबलेला होता, ऊन न लागल्यानं तडकला नव्हता. झाकण उघडलं तर आत कुंभारमाशीनं मातीची घरटी बांधलेली, एकाला एक चिकटून पाच-सहा. ती कामटीनं काढली. वाटी डिझेलनं धुतली, जाळी परातीत बुडवून झटकली. हात काळे झाले आणि तो वास, डिझेल, जुनं ऑइल आणि तापलेला पत्रा, थेट रविवारच्या सकाळचा. मी काही बोललो नाही. आता त्या वासावर विसंबायचं किती, याची मला खात्री राहिली नव्हती.

दोन कानांचा नट सापडला नाही. अण्णांनी डब्यातून साधा नट काढून दिला आणि पान्यानं आवळायला सांगितलं. मी कॅनमधून ऑइल ओतायला लागलो. रेघ गाळाखाली इतकी वर्षं दबून राहिल्यानं पुसट झालेली, पण बोटाला लागत होती. ऑइल तिच्याजवळ आलं. "बास," अण्णा म्हणाले, तोवर धार थोडी पुढं गेलीच. त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली, जराशी कलती केली, जास्तीचं ऑइल जमिनीवर जाऊ दिलं आणि उजेडात धरून बघितलं. मग आणखी दोन थेंब.

पुरणपोळीची ताटं झाकून ठेवलेली होती. मी बेल्ट चढवला, मडकं पट्टीनं आवळलं, गुडघा बसवला, हीटर दिला. दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. मी तोंडावर पाट दाबला. दोन आचके, आणि बंद. अण्णांनी मान हलवली. पुन्हा चालू केली आणि रेस दिली.

आई हात पुसत दारात आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"काय झालं?" तिनं विचारलं. "आवाज बसला का तिचा?"